जलीलच्या कानात राहिलेला निरोप

भोरच्या पेठेत जलीलचं दुकान शोधायला पत्ता लागत नसे. पत्र्यावर हातोडी पडल्याचा आवाज येईल तिकडं चालत सुटायचं. आणि हातोडी थांबलेली असली, तर ज्या दुकानातून कचेरीतला कारकून, पुण्याच्या मोटारीचा क्लीनर आणि एक भुकेलं रेडकू असे तिघं एकदम बोलताना ऐकू येतील, ते दुकान जलीलचं. आत बघावं तर माणूस एकच. मांडीत गळका कंदील, दातांत खिळा, आणि खिळ्याच्या आडून कारकून म्हणतोय, "अर्ज पुढच्या सोमवारी आणा, आज शाई वाळली नाही."

नक्कल करायला त्याला कुणी सांगावं लागत नसे. कामथडीचा गेनबा बत्ती घेऊन आला आणि "जलीलभाई, हिचा वारा कुठनं जातोय बगा" असं नाकातून म्हणाला, की जलील नाकातूनच विचारी, "वारा? कुठनं जातोय?" गेनबा आधी दचके, मग मांडीवर थाप मारून हसे, आणि पुढच्या खेपेला दोन माणसं ऐकायला घेऊन येई.

जोहराला मात्र हे घरात नको असे. "अब्बानं मला नवरा एक करून दिला," ती भाकरी थापताना म्हणायची, "हितं रोज जेवायला बारा जण बसत्यात. कुनाच्या पानात वाढू सांगा!"

"जो लई वरडंल त्येच्या," जलील तिच्याच आवाजात सांगे. मग वाढणं बाजूला राहून लाटणं वर येई.

ह्या कानांचं सोनं केलं पोतनीस मास्तरांनी. मास्तर हायस्कुलात शास्त्र शिकवत. पस्तीस साली त्यांनी 'भोर हौशी बिनतारी मंडळ' काढलं. सरकारचा रीतसर परवाना भिंतीवर चौकटीत लावला, आणि घराच्या मागच्या खोलीत निरोप धाडायचं आणि घ्यायचं यंत्र मांडलं. सभासद पाच. त्यातले दोघं चहापुरते. यंत्राला पत्र्याची पेटी हवी म्हणून जलीलला बोलावलं, तर हा पेटी ठोकता ठोकता थांबला. मास्तर खटका दाबून टक-टकाटक करत होते.

"हे काय बोलतंय मास्तर?"

"लांब आणि आखूड ठोके, जलील. त्यांची अक्षरं होतात. मला शिकायला सहा महिने लागले."

जलीलनं अकरा दिवसांत उरकलं. मास्तर ठोके आधी कागदावर उतरवत, मग वाचत. जलील डोळे मिटून ऐके आणि सरळ सांगे. त्याच्या लेखी ते हातोडीचं धाकटं भावंड होतं. शिवाय मास्तरांच्या ध्यानात कधी न आलेली एक गोष्ट त्याला कळे. प्रत्येक माणसाचा हात वेगळा वाजतो. सोलापूरचा एक वकील घाईघाईनं ठोके गिळायचा. आणि कोलंबोचा एक जण होता, त्याचा तिसरा ठोका किंचित मागं राहायचा, पायात काटा मोडलेल्या बैलासारखा. जलीलनं त्याचं नाव ठेवलं होतं लंगडोबा. रविवारी संध्याकाळी लंगडोबा यायचा. तिकडं पाऊस किती, इकडं पाऊस किती, एवढंच बोलणं. त्याचं तोंड कसं, वय काय, काही ठाऊक नाही. पण हजार माणसांच्या ठोक्यांतून त्याचा हात जलीलनं ओळखला असता.

मंडळ नुसतं खोलीत बसणारं नव्हतं. डोंगरावरच्या देवीच्या जत्रेला एक यंत्र पायथ्याला आणि एक वर मांडून हे लोक चुकलेल्या माणसांचे निरोप धाडायचे. "हिरव्या लुगड्याची, वेंधळी, जाऊबाईवर चिडलेली" अशी खूण वरून आली, की खाली चिमाजी गर्दीत शिरून नेमकी तीच बाई काढायचा. हा चिमाजी मंडळाचा तिसरा खरा सभासद. त्याला ठोके कळत नसत, पण अवजड पेट्या त्याच्या खांद्याशिवाय हलत नसत.

एकोणचाळीसच्या सप्टेंबरात लढाई पुकारली आणि हुकूम आला. हौशी परवाने रद्द, निरोप धाडायची यंत्रं जमा करा. दोन शिपाई आणि एक कारकून येऊन यंत्र घेऊन गेले. त्या कारकुनाची नक्कल जलीलनं कधीही केली नाही. आदल्या रविवारी लंगडोबाला त्यानं 'पुढच्या रविवारी' असं सांगितलं होतं.

राहिला नुसता ऐकायचा रेडिओ. मास्तर म्हणाले, "बोलता येत नाही तर ऐकवू." मग बाजारच्या दिवशी चावडीपुढं बातम्या, आणि दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला, लढाईवरच्या मराठी शिपायांनी तबकडीवर बोलून ठेवलेले घरच्यांसाठीचे निरोप. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात दर दुसऱ्या घरातला माणूस पलटणीत गेलेला. मंडळानं नेम केला: ज्या घरचा निरोप लागणार असेल, त्या घरच्या माणसांनी यायचं मास्तरांच्या ओट्यावर.

चव्वेचाळीसच्या फाल्गुनात वेल्ह्यापलीकडच्या पासलीची फुलाबाई आली. बारीक, उन्हानं रापलेली बाई, पदराच्या गाठीत फौजी कचेरीचं कार्ड. मास्तरांनी वाचलं: मानसिंगचा निरोप येत्या गुरुवारी. मानसिंग तिचा एकुलता, चार वर्षांपासून लढाईवर, सध्या इटलीत.

"मग गुरुवारी दुपारीच या," मास्तर म्हणाले.

"म्या न्हाई येत."

"अहो, मुलाचा आवाज ऐकायचा नाही?"

"त्येच्यासाटीच न्हाई येत. चार सालानं पोरगं बोलनार, आन म्या घरात नसायची? त्यो घरला बोलनार का तुमच्या वट्याला?"

मास्तर तिला लहरींचं शास्त्र समजावू लागले. आकाशातून आवाज सगळीकडं सारखाच पोचतो, असं ते म्हणाले.

"सगळीकडं सारका पोचतोय न्हवं?" फुलाबाई म्हणाली. "मग पासलीला बी पोचंल."

मास्तरांचं शास्त्र तिथं संपलं. जलील हसत सुटला. पण हसता हसता त्याला आत कुठंतरी टोचलं. चार वर्षं एक आवाज नाही, म्हणजे काय, हे त्याला रविवारी संध्याकाळी कळत असे. "मास्तर," तो म्हणाला, "पेटी आपून नेऊ."

नसरापूरपर्यंत मोटार, तिथून विंझरवरून वेल्ह्यापर्यंत बैलगाडी, आणि पुढं पायी. रेडिओ जलीलच्या डोक्यावर, आणि तेजाबाची बॅटरी चिमाजीच्या कावडीत, हिंदकळू नये म्हणून. मास्तरांना शाळा होती. त्यांनी सूचनांचा कागद दिला, तो वाटेत बैलानं खाल्ला. विंझरला पोरीबाळींनी गाडी अडवली. चादरीत बांधलेली पेटी बघून एक म्हातारी म्हणाली, "नवरी हाय का काय रं आत?"

चादरीआडून नवरी हुंदके देऊ लागली. "मला न्हाई जायाचं सासरलाऽऽ!"

म्हातारी चार पावलं मागं. चिमाजी म्हणाला, "आजे, घाबरू नगंस, नवरा बी ह्योच हाय."

पासलीच्या अलीकडच्या खिंडीत चिमाजीनं कावड टेकली आणि दोन्ही तळहात तोंडाशी धरून लांबलचक हाळी दिली. हाळी दिल्यावर तो गप उभा राहिला. दरीपलीकडच्या वाडीवरून सावकाश उत्तर आलं, "व्हयऽऽ!" मग खालच्या शेतातून एक "व्हय". मग लांब कुठून तरी तिसरा.

"कुनाला हाक मारलीस?" जलीलनं विचारलं.

"कुनालाच न्हाई. आलोय म्हनून सांगितलं."

"मग तिघं कशापायी वरडले?"

"अरं, डोंगरात हाळी आली आन व्हय म्हनलं न्हाई, आसं चालतंय व्हय? कुनी कड्यावनं घसरलं आसंल, कुनाला जनावर आडवं आलं आसंल. ज्येला ऐकू येईल त्येनं व्हय म्हनायचं, आन म्होरं धाडायचं. हाक देनाऱ्यानं बी तवर थांबायचं. हितलं तान्हं पोर बी व्हय म्हनतंय."

जलीलला ते फार आवडलं. उतारभर तो वेगवेगळ्या आवाजांत "व्हय" म्हणत आला.

फुलाबाईनं अंगण सारवून ठेवलं होतं. जलीलनं घराच्या आढ्यापासून उंबराच्या झाडापर्यंत तार ताणली, दुसरी तार जमिनीला जोडायला भांडी घासायच्या ओल्या जागेत तांब्याचा पत्रा पुरला. पाच वाजताच सगळं गाव येऊन बसलं. फुलाबाईनं रेडिओला हळदकुंकू लावलं आणि समोर ताट मांडलं. भाकरी, पावट्याची आमटी, कांदा.

तिची जाऊ साळूबाई म्हणाली, "बाई, त्यो काय पेटीत हाय व्हय जेवाया?"

"ठावं हाय मला. पर चार सालानं बोलतोय, मोकळ्या जिमिनीम्होरं बोलाय लावू?"

साडेसहाला खरखर सुरू झाली. भोंगा सगळ्यांसाठी होता. जलीलनं आवाज सरकू नये म्हणून कानाला वेगळे भोंगे लावले आणि बोट खुंटीवर धरलं. निवेदक शुद्ध मराठीत एकेक नाव सांगत होता. कोल्हापूरचा एक. खटावचा एक. प्रत्येकाला अर्धं मिनिट. गाव एवढं गप, की ताटावरची माशी ऐकू यावी.

"आता ऐका, मुक्काम पासली, शिपाई मानसिंग."

आणि मानसिंगनं बोलण्याऐवजी हाळी दिली.

खोलीत बसून, साहेबाच्या नळीपुढं, त्यानं खिंडीतून मारावी तशी लांब हाक दिली: "आईऽऽऽ! म्या मानसिंगऽऽ!" आणि रीतीप्रमाणं थांबला.

फुलाबाई ताडकन उठली. तळहात तोंडाशी गेले. "व्हय रंऽऽऽ!"

हाळी आली होती. गाव काय गप बसणार? म्हातारा रखमाजी म्हणाला व्हय. साळूबाई म्हणाली व्हय. साठ माणसांनी व्हय म्हटलं, कडेवरच्या पोरांनी म्हटलं. दरीपलीकडच्या वाडीला रेडिओबिडिओ काही ठाऊक नव्हतं. पण पासलीवरून एवढी मोठी हाळी म्हटल्यावर तिनं व्हय म्हटलं, तिच्यावरच्या धनगरवाड्यानं म्हटलं. धनगरवाड्याला परत उत्तर द्यायचं म्हणून रखमाजी पुन्हा ओरडला. जलील हात हलवून "गप, गप!" करत होता, लोकांना वाटलं तोही सामील झाला. मग त्यानं डोळे मिटले, दोन्ही भोंगे कानांत रुतेपर्यंत दाबले.

गलका उतरला तेव्हा रेडिओवर कोणी जुन्नरचा शिपाई बहिणीला नमस्कार सांगत होता.

"संपलं?" फुलाबाईनं विचारलं.

"व्हय, मावशी."

अंगणात कुणी कुणाकडं बघेना. मग साळूबाई रखमाजीवर घसरली, "मामंजी, तुमीच दोनदा वरडला!"

"म्या? पैली हाळी कुनी दिली?"

"मग पोरानं हाक दिल्याली, आन म्या गप बसू?" फुलाबाई म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

जलीलनं कानावरचे भोंगे काढले. "मावशी, म्या ऐकलंय," तो म्हणाला. "त्यो म्हनला, बरा हाय, काळजी करू नगं..."

"आसं न्हाई. त्यो कसा म्हनला?"

जलील घुटमळला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला नक्कल करायची भीती वाटली. मग त्यानं घसा ओला केला, आणि फुलाबाईच्या अंगणात मानसिंग बोलला. थोडासा खर्जातला, थंडीनं बसलेला, शब्द संपताना वर जाणारा आवाज.

"म्या बरा हाय. काळजी करू नगं. हितं बी डोंगार हायती, तोरण्यावानी. म्या येकदा हाळी देऊन बगितली. कुनी व्हय म्हनलं न्हाई. कपिली व्याली आसंल. म्या आल्याबिगर वासराचं नाव ठिवू नगा. आन आई, त्ये आपलं..."

"त्ये आपलं काय?"

"तितंच तुटलं, मावशी. येळ संपला."

पोतनीस मास्तरांनी रेडिओवाल्यांना पत्र लिहिलं: तबकडी पुन्हा लावाल का? उत्तर आलं, निरोप हजारो आहेत, प्रत्येक एकदाच लागतो. म्हणजे मानसिंगचा आवाज आता सगळ्या मुलखात एकाच जागी उरला, भोरच्या पेठेत, जलीलच्या कानात.

फुलाबाई त्यानंतर दर पंधरवड्याला बाजाराला येऊ लागली. हिरडा विकून रिकामी पाटी उतरवायची, दुकानाच्या पायरीवर बसायची, आणि म्हणायची, "बोल." जलील हातोडी ठेवून बोले. ती डोळे मिटून ऐके. "तोरण्यावानी" आलं की तिची मान हले. "त्ये आपलं" आलं की डोळे उघडत.

मग गेल्या पंधरवड्याचा हिशोब सांगे. त्ये आपलं म्हंजी काय आसंल? रखमाजीचं म्हणणं, उंबराखालचा ढासळलेला बांध. तिनं बांध घालून घेतला. साळूबाईचं म्हणणं, घोंगडी. तिनं घोंगडी काढून धुतली, उसवलेली कड शिवली. देवीचा राहिलेला नवस असेल म्हणून तो फेडला. जात्याचा खुंटा हलत होता, तो ठोकून घेतला. निरोपात जे जे असू शकेल ते ते करून ती मोकळी होत होती आणि मोकळी होत नव्हती. कपिलीचं वासरू मोठं झालं. त्याला सगळे 'वासरू'च म्हणत.

जोहरा पायरीवर तिला चहा देई आणि आत येऊन डोळे पुशी. मानसिंगची नक्कल जलीलनं तिच्यापुढं, मास्तरांपुढं, दुसऱ्या कुणापुढंही कधी केली नाही. पेठेत लोक आग्रह करत, "तो रेडिओवरला शिपाई ऐकव की!" तर तो रेडकू ऐकवी.

दिवाळीच्या सुमाराला पासलीला दुसरं कार्ड आलं. शिपाई मानसिंग बेपत्ता. मास्तरांना ते कळलं, त्यांनी जलीलला सांगितलं. बाजाराला चार दिवस होते. चार दिवस जलील पत्रा ठोकताना तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत राहिला. जोहराचे कान काही कमी नव्हते.

"त्येच्या तोंडात आपलं बोलनं घालू नका," ती म्हणाली.

"बाई त्या अर्ध्या सबदावर बसून हाय, जोहरा. पुरं करून दिलं तर निजंल तरी."

"पुरं करनारे तुमी कोन?"

ह्या प्रश्नाची त्याला नक्कलही करता आली नाही.

बाजारच्या दिवशी फुलाबाई आली. पाटी उतरवली, बसली. चेहरा नेहमीसारखाच, फक्त पदराची गाठ दोन कार्डांनी फुगलेली. "बोल," ती म्हणाली.

जलील बोलला. बरा हाय, काळजी करू नगं, डोंगार, हाळी, वासरू. "आन आई, त्ये आपलं..." इथं त्यानं श्वास घेतला, आणि मानसिंगच्याच आवाजात, शब्द संपताना वर नेत पुढं म्हणाला, "त्ये आपलं घोंगडं जपून ठिव. म्या येनारच हाय."

फुलाबाईचे डोळे मिटलेलेच राहिले. पेठेत गाड्या वाजत होत्या, तांदळाची पोती उतरत होती. मग तिनं डोळे उघडले.

"तुला आठिवलं व्हय रं हे आज?"

जलीलनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, त्याचं त्याला कळेना.

"मानसिंग कंदी येनार हाय म्हनत न्हाई," फुलाबाई म्हणाली. "खालच्या वावरात गेला तरी 'बगू' म्हनायचा. त्येच्या बापानं लावल्याली सवय. मानसानं आल्याबिगर येतो म्हनू नये, आसं त्येचं."

"मावशी, चुकलं माजं."

"आवाज न्हाई चुकला. आवाज त्येचाच हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्या अशी ना तशी झोपत न्हाईच. तू मला निजवू नगंस. खरं तेवढं बोल."

जलीलनं हातातली कात्री खाली ठेवली. लंगडोबाला आपण काय सांगितलं होतं, ते त्याला आठवलं: पुढच्या रविवारी. त्यानं पुन्हा सुरुवात केली, आणि या खेपेला अंगणात न केलेली गोष्ट केली. निरोपाची सुरुवात जशी होती तशी घेतली. तळहात तोंडाशी धरले आणि भर पेठेत, सगळ्या गाड्यांवरून, मानसिंगची हाळी दिली.

"आईऽऽऽ! म्या मानसिंगऽऽ!"

आणि थांबला.

"व्हय रंऽऽऽ!" फुलाबाई म्हणाली.

पलीकडं तांदूळ उतरवणारे वेल्ह्याकडचे गडी होते. कोण हाक मारतंय, कुणाला, त्यांना काही ठाऊक नव्हतं. एकानं पाठीवरचं पोतं तसंच धरून व्हय म्हटलं. पुलाकडून दुसरा म्हणाला. नदीच्या अंगाला गुरांच्या बाजारातून आणखी तीन-चार. भोरचे दुकानदार माना वर करून बघत राहिले.

जलीलनं सगळे व्हय येऊन संपू दिले. मग उरलेला निरोप सांगितला, हळू, तिच्यापुरता. "...वासराचं नाव ठिवू नगा. आन आई, त्ये आपलं..." तिथं तो थांबला, तोंड तसंच उघडं ठेवून.

फुलाबाईनं थोडी वाट बघितली. मग चुंबळ झटकली, रिकामी पाटी उचलली.

"कड्याकडंची पन्हळ गळतीया," ती म्हणाली. "त्येच आसंल, न्हाई तर मग काय. पत्र्याचा तुकडा आसला तर दी."

जलीलनं नवा पत्रा कापून, कडा मुडपून दिला. ती पाटी डोक्यावर घेऊन गाडीतळाकडं निघाली. चार पावलांवर थांबून वळली.

"पुढल्या बाजाराला हायेस न्हवं?"

जलीलच्या ओठांवर 'हाय की' आलं होतं. ते त्यानं परतवलं.

"बगू, मावशी," तो म्हणाला. स्वतःच्या आवाजात.